व्याजातून भाडं कायमचं भागेल?

बडोद्याच्या मांजलपूरमधून एका वाचकांनी विचारलंय: ‘वय ५२, खासगी नोकरी, साठीला निवृत्ती. भाडं १४,००० रुपये, वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास वाढतं. पीएफ सोडून एफडीत ३५ लाख आहेत. ७ टक्क्यांनी महिना २० हजार व्याज सुटतं, म्हणजे भाड्याची काळजी मिटली. सोसायटीतच जुना टू-बीएचके ३८ लाखांना मिळतोय, पण या वयात कर्ज कशाला?’

आजच्यापुरता तुमचा हिशेब बरोबर आहे. पण मुद्दल तेवढंच राहिलं तर व्याजही तेवढंच राहणार, भाडं मात्र चढत जाणार. समजा पैसे आठ वर्षं हात न लावता वाढू दिले. साठीला ६० लाख होतील, व्याज महिना ३५,००० आणि भाडं तोवर २४,०००. छान वाटतं. पण पासष्टी ओलांडताच भाडं व्याजाला गाठतं आणि सत्तरीत ४७,००० वर जातं. सुरुवातीचं उरलेलं व्याज साठवून, पुढे मुद्दल मोडूनही किती पुरेल? व्याज आणि भाडेवाढ दोन्ही ७ टक्के धरलेत, म्हणून गणित सोपं आहे, पैसे आणि भाडं एकाच वेगाने वाढतात, तेव्हा आजचेच आकडे चालतील: आजचं वर्षाचं भाडं १ लाख ६८ हजार, ३५ लाखांत ते जेमतेम २१ वेळा बसतं. म्हणजे साठीपासून एक्याऐंशीपर्यंत. व्याजावरचा कर यात धरलेलाच नाही.

शिवाय करार अकरा महिन्यांचा. पंचाहत्तरीच्या जोडप्याला नवं घर द्यायला मालक किती काचकूच करतात, हे कुठल्याही दलालाला विचारा.

म्हणून माझं मत घर घेण्याकडे झुकतं. एफडीतले २८ लाख घाला, ७ लाख हाताशी राहू द्या. स्टँप ड्यूटी ४.९ टक्के; दस्त वहिनींच्या एकटीच्या नावावर केला तर गुजरातेत १ टक्का नोंदणी फी माफ आहे, ३८ हजार वाचतील. कर्ज १२ लाखांचं, मुदत आठच वर्षं. साडेआठ टक्के दर धरला तर हप्ता १७,३०० च्या आसपास, म्हणजे आजच्या भाड्याहून तीन-सव्वातीन हजार जास्त, मेंटेनन्स वेगळा. निवृत्तीच्या दिवशी हप्ता संपलेला असेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: फ्लॅट कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? लिफ्ट नसेल आणि तळमजला नसेल, तर हा सौदा सोडा आणि दुसरा बघा. टोकन देण्याआधी सोसायटीची बाकी आणि मालकाचं जुनं कर्ज फिटलंय का, तेही लेखी मागून घ्या.