खजिनदाराने स्वतःच्या खर्चाचे पैसे स्वतःच मंजूर करून घेतले, बिले अर्धवट आहेत. समितीने काय करावे?

आरोप नंतर, आधी कागद. बँकेचे स्टेटमेंट खजिनदाराकडून न घेता थेट बँकेतून मागवा. एक्सेलमध्ये उतरवलेल्या प्रतीतून ओळी सहज गळतात. मग वादातल्या प्रत्येक रकमेसमोर मूळ बिल, पैसे दिल्याचा पुरावा, खर्चाचे कारण आणि मंजुरीचा ठराव लावा. नुसती कार्डाची स्लिप चालत नाही, तिच्यावर रक्कम असते पण काय घेतले ते नसते. बिल क्रमांकानुसार यादी लावलीत तर दोनदा लावलेले बिल लगेच दिसते. हा प्रकार सर्रास होतो: एकदा मूळ प्रत, दोन महिन्यांनी त्याच बिलाचा फोटो.

बिल नाही म्हणजे लबाडीच, असे मात्र धरू नका. स्वयंसेवक पावत्या हरवतातच. वस्तू संस्थेत हजर असेल तर लेखी स्वयंघोषणा घेऊन समितीने ठराव करावा. खजिनदाराने त्या मतदानात भाग घेऊ नये आणि तशी नोंद इतिवृत्तात हवी. उरलेल्या रकमांची यादी देऊन 15 दिवसांत लेखी खुलासा मागा. फोनवरचे बोलणे पुढे कोणी मान्य करत नाही.

दरम्यान खात्यावर दोन सह्या सक्तीच्या करा आणि कोऱ्या चेकवर आधीच सही करून ठेवण्याची सवय मोडा, नाहीतर दुसऱ्या सहीला अर्थच नाही. नेटबँकिंगमध्येही रक्कम टाकणारा एक, मंजूर करणारा दुसरा. दोघे एकाच घरातले नसावेत.