डास मारणारा निळा दिवा घेऊ का?

प्रश्न : ऑनलाइन साडेतीनशे रुपयांना डास मारणारा निळा दिवा मिळतोय. नात दोन वर्षांची आहे, कॉइलचा धूर नको वाटतो. घेऊ का? – एक आजी, ऐरोली

उत्तर : आजी, घाई करू नका. असाच दिवा मी कोपरखैरण्याच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात आठ रात्री लावला. चट्चट् आवाज यायचा, बरं वाटायचं. नंतर खालचा ट्रे पांढऱ्या कागदावर झटकून भिंगातून पाहिला : सगळी चिलटं नि पाखरं, डास जेमतेम पाच. डास येतो तो आपल्या श्वासाच्या, घामाच्या वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर. उजेडाची त्याला फारशी ओढ नाही. शिवाय डेंगी पसरवणारा एडिस चावतो दिवसा. आतल्या तारांत मोठा विद्युतदाब असतो, नातीचं बोट पोचेल तिथे तो नकोच.

त्यापेक्षा मच्छरदाणी आणा, दुपारच्या झोपेलाही लावा. आणि फ्रिजच्या मागचा ट्रे आजच बघा. आमच्याकडे त्यात अळ्या वळवळत होत्या! अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तो ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला घासून कोरड्या करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.