‘मॅडम, चार क्रेडिट थकलेत’

पहिल्या सत्राचा निकाल लागला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) कमी पडले, आता शिष्यवृत्ती जाणार का? नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या कॉलेजांत शिकणारी, सुरगाणा, पेठ, चांदवडहून येऊन खोली करून राहणारी ही मुलं. या वर्षीही हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की एका मुलाबद्दल लिहावंसं वाटलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्याला सागर म्हणू.

सागर चांदवडकडचा, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. दोन विषय राहिले होते, मिळून चार क्रेडिट. पहिल्या भेटीत मी त्याला हिशेब समजावला. सत्राला 22 क्रेडिट, तीन वर्षांचे 132. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 15 तास शिकवणं, प्रात्यक्षिक असेल तर 30 तास. राहिलेला विषय पुन्हा परीक्षा देऊन सोडवता येतो आणि मिळवलेले क्रेडिट तुझ्याच नावावर राहतात. त्याने सगळं वहीत टिपलं. पुढच्या आठवड्यात तेच प्रश्न घेऊन पुन्हा आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

उत्तर मिळूनही माणूस तोच प्रश्न विचारतो, तेव्हा मी उत्तर देणं थांबवते. सतरा वर्षांच्या कामाने मला हे शिकवलं आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी श्रद्धा आहे. घडलेल्या गोष्टीला आपण कोणता अर्थ चिकटवला, ते आधी शोधायचं. तो अर्थ बहुतेक वेळा एखाद्या साध्या शब्दात लपलेला असतो.

तिसऱ्या भेटीत तो शब्द आला.

“मॅडम, माझे चार क्रेडिट थकलेत.”

“थकलेत म्हणजे?”

“बाकी आहेत. भरायचेत.”

“कुणाला भरायचेत?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मीही बोलले नाही. मग म्हणाला, “कांद्याला भाव नव्हता त्या साली आमचं किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज थकलं. वसुलीची माणसं ओट्यावर येऊन बसली. आई चहा घेऊन गेली, तर नको म्हणाले. आप्पा त्यांच्यासमोर उभेच होते.”

त्याच्या घरात क्रेडिट या शब्दाचा अर्थ तेव्हाच ठरून गेला होता. त्यात कॉलेजने सांगितलं, तुझं अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मिळवलेल्या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत, खातं उघड. क्रेडिट, बँक, खातं! हे पोरगं परीक्षेला नव्हे, वसुलीला घाबरत होतं. मी दिलेली सगळी माहिती बरोबर होती, पण ती त्याच्यापर्यंत कर्जाच्या भाषेत पोहोचत होती.

मी कागद पुढे केला. “आप्पांच्या पासबुकात दोन रकाने असतात. नावे, म्हणजे खात्यातून गेलेले, आणि जमा. तुझे क्रेडिट कोणत्या रकान्यात लिहायचे?”

त्याने पेन उचललं, थांबला, आणि उजवीकडे अठरा लिहिले. डावीकडे काय लिहायचं, ते त्याला सुचेना. डावा रकाना कोराच राहिला. तो त्या कोऱ्या जागेकडे बघत बसला आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी आम्ही दुसरं काही बोललो नाही.

शिष्यवृत्तीचं काम त्यानंतर सोपं होतं. सागरला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती होती, जिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे. तुमची योजना वेगळी असू शकते, अटीही वेगळ्या. म्हणून मित्राचं ऐकून फॉर्म सोडू नका. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा आणि “एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्गात प्रवेश) असताना नूतनीकरणाची अट काय?” हे थेट विचारा, शासन निर्णय दाखवायला सांगा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन बघा. अर्ज मंजूर होऊनही पैसे इथे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि विषय राहिला हे घरी लपवू नका. सागरने दीड महिना लपवलं होतं, आणि त्या दीड महिन्यात तो धड जेवलाही नव्हता.

शेवटच्या भेटीत त्याने माझ्यासमोरच घरी फोन लावला.

“आप्पा, दोन विषय राहिले. चार क्रेडिट कमी आहेत.”

पलीकडून काही क्षण फक्त पंपाचा आवाज येत होता. मग आप्पांनी विचारलं, “आन् जमा किती झाले?”

“अठरा,” सागर म्हणाला.