पहिली पंगत की दुसरी?

प्रश्न : ताई, जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सात रात्रींच्या क्रूझला निघतोय. बार्सेलोनाहून मार्सेय, जेनोआ, रोमसाठीचं बंदर, नेपल्स, मग एक दिवस नुसता समुद्र, पाल्मा आणि परत बार्सेलोना. एजंटने फॉर्म पाठवलाय, त्यात रात्रीच्या जेवणाची वेळ विचारली आहे : सव्वासहा की साडेआठ. यावरून घरात दोन तट पडलेत. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, रात्री जेवणाआधी इन्सुलिन घेतात, त्यांना लवकरची वेळ हवी. नवरा म्हणतो, सहाला का कोणी जेवतं, सगळी संध्याकाळ फुकट जाईल. मुलगी ९ वर्षांची. सोबत नणंद, तिचे यजमान आणि १६ वर्षांचा भाचा आहेत, पण त्यांचं बुकिंग वेगळं आहे आणि त्यांनी साडेआठ टाकून मोकळंही केलंय. मला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. काय करू?

उत्तर : सव्वासहा. आणि शुक्रवारची वाट बघू नका, आजच कळवा, कारण नणंदेचं बुकिंगही बदलून घ्यायचंय.

आता कारणं सांगते. त्याआधी एक कबुली : मी स्वतः दुसऱ्या पंगतीची बाई आहे. सहा क्रूझ झाल्या, त्यातल्या चार वेळा मी उशिराची वेळ घेतली. मला सावकाश जेवायला आवडतं, कॉफी घेऊन गप्पा मारत बसायला आवडतं, आणि पहिल्या पंगतीत कितीही प्रेमाने वाढलं तरी पावणेआठच्या सुमारास वेटरची नजर घड्याळाकडे जायला लागते. त्याचा दोष नाही. त्याला तेच टेबल नव्या चादरीसकट साडेआठच्या लोकांसाठी लावायचं असतं. तेव्हा तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटतं. फक्त ते या सहलीला लागू पडत नाही.

पहिलं कारण सूर्य. दचकू नका. ‘लवकर जेवलं की सूर्यास्त हुकतो’ असं जो तो सांगतो, आणि हिवाळ्यात कॅरिबियनला गेलात तर ते खरंही आहे. तिथे त्या दिवसांत सहाच्या आसपास सूर्य बुडतो, म्हणजे पहिल्या पंगतीचं सूप समोर येतं तेव्हाच. पण जूनमध्ये भूमध्य समुद्रात हिशेब उलटा होतो. नेपल्सला सूर्यास्त साडेआठच्या सुमारास, बार्सेलोनाकडे सव्वानऊनंतर. सव्वासहाला बसलात तर आठपर्यंत हात धुऊन डेकवर जाता येईल आणि अख्खी सोनेरी संध्याकाळ तुमची. साडेआठवाले त्या वेळी आत बसून मेनूकार्ड वाचत असतील.

हे मी ऐकीव सांगत नाही. ग्रीसच्या सँटोरिनी बेटापाशी आमचं जहाज तिथल्या बुडालेल्या ज्वालामुखीच्या मधोमध उभं होतं. जून महिना, वेळ साडेआठची, टेबल खिडकीपासून चार रांगा आत. वेटर मला माशाची निवड समजावून सांगत होता, आणि अचानक वरच्या डेकवरून टाळ्या ऐकू आल्या. सूर्य बुडाला होता. नवऱ्याने शांतपणे ब्रेडला लोणी लावलं आणि म्हणाला, ‘‘उशिराची वेळ कोणी मागितली होती?’’ मीच.

(अलास्काला जूनमध्ये जाणाऱ्यांनी हा मुद्दा सोडून द्यावा. तिथल्या जुनो शहरात सूर्य रात्री दहापर्यंत रेंगाळतो, कुठल्याही पंगतीत बसा.)

दुसरं कारण सासूबाई. इथे मी डॉक्टर नाही, त्यामुळे एवढंच सांगते की दोन्ही वेळा कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पण डॉक्टरांना ठाऊक नसेल अशी एक गोष्ट त्यांना मुद्दाम सांगा : साडेआठची वेळ ही बसायची वेळ असते, जेवणाची नव्हे. दार उघडतं, माणसं बसतात, पेयं विचारतात, मेनू येतो, ऑर्डर घेतात. पहिली बशी समोर यायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, मुख्य पदार्थाला पाऊण तास. म्हणजे दुसऱ्या पंगतीत पोटभरीचं काही येईतो सव्वानऊ. केबिनमध्ये इंजेक्शन घेऊन सासूबाई लिफ्टसाठी उभ्या राहिल्या आणि लिफ्ट भरून भरून जात राहिली, असं व्हायला नको. पंगत बदलायच्या वेळी लिफ्टची गर्दी बघण्यासारखी असते. एक अख्खी पंगत वर चाललेली, दुसरी खाली. इंजेक्शन नेमकं कधी घ्यायचं, टेबलावर बसल्यावर की ताट समोर आल्यावर, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. ब्रेडची टोपली बहुतेक जहाजांवर बसल्या बसल्या येते, तेवढा आधार.

टेबल मागताना ‘दाराजवळचं’ असं स्पष्ट लिहा. ही भोजनगृहं प्रचंड असतात, कधी दोन-तीन मजली, आणि पार टोकाचं टेबल मिळालं तर ७४ वर्षांच्या गुडघ्यांना ते रोज जाणवतं. खिडकीचा मोह सोडा. सूर्यास्त तर तुम्ही जेवून डेकवरूनच बघणार आहात.

मुलीबद्दल फार लिहीत नाही. नऊ वर्षांची मुलगी दिवसभर उन्हात फिरून, पोहून साडेआठला दोन तासांच्या जेवणाला बसली तर तिसऱ्या दिवशी काय होतं ते मी पाहिलंय. शेजारच्या टेबलावर दोन खुर्च्या जोडून एक पोर झोपली होती आणि वेटर तिच्या अंगावर टेबलाची घडी घातलेली चादर पसरत होता. सुंदर दृश्य होतं, पण तिच्या आईचा चेहरा सुंदर नव्हता. काही कंपन्यांच्या जहाजांवर दुसऱ्या पंगतीतल्या मुलांना आधी वाढून, मुलांच्या क्लबमधली माणसं येऊन घेऊन जातात. तुमच्या जहाजावर तशी सोय आहे का, हे एजंटला विचारायला हरकत नाही, पण त्यावर निर्णय टांगू नका.

आता तुमच्या यजमानांची बाजू, कारण ती पूर्ण खोटी नाही. पहिल्या पंगतीचा खरा त्रास भूक नसण्याचा नसतो, बंदरावरून परतण्याचा असतो. तुमचा प्रवास माझ्यासमोर आहे. मार्सेय, जेनोआ, पाल्मा : बंदर शहरालाच लागून, चारला परत येऊन अंघोळ करून सव्वासहा सहज जमेल. नेपल्सहून पाँपेईला गेलात तरी ते पंचवीसेक किलोमीटरवर आहे. अडचण एकाच दिवसाची, रोमची. ज्याला तिकिटावर रोम म्हणतात ते बंदर चिव्हितावेक्या, आणि तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. बसने दीड तास, रहदारी लागली तर जास्त. कलोसियम बघून साडेपाच-सहाला जहाजावर पाय ठेवाल तेव्हा सासूबाईंना कपडे बदलून जेवायला चला म्हणायची हिंमत तुम्हाला व्हायची नाही.

त्या रात्री भोजनगृहात जाऊच नका. वरच्या मजल्यावर बुफे चालू असतो, चपला घालून जा, हवं तेवढं वाढून घ्या, झोपा. फक्त आदल्या रात्री वेटरला सांगून ठेवा. न सांगता गैरहजर राहिलात तर तो बिचारा पंधरा मिनिटं तुमच्यासाठी थांबतो, बाकीच्या टेबलांची ऑर्डर अडते. सात रात्रींतली एक रात्र अशी गेली म्हणून उरलेल्या सहा रात्री साडेआठच्या दावणीला बांधायच्या, हे गणित मला जमत नाही.

सहाला भूक नसते म्हणतात ना ते? जहाजावर चारच्या सुमारास चहा असतो आणि चहाबरोबर केकांची रांग असते. तिथे त्यांच्यावर नजर ठेवा.

संध्याकाळ फुकट जाते हेही बघू. थिएटरमध्ये सगळे प्रवासी एकदम मावत नाहीत, म्हणून मुख्य कार्यक्रम सहसा दोनदा होतो आणि त्याच्या वेळा पंगतींना जुळवून लावतात. पहिल्या पंगतीने जेवून खेळ बघायचा. दुसऱ्या पंगतीने एक तर उपाशीपोटी आधीचा बघायचा, नाही तर जेवून साडेदहाच्या पुढचा. पहिल्या पंगतीवाल्यांची रात्र साडेनऊला मोकळी होते. त्यानंतर संगीत आहे, डेक आहे, १६ वर्षांच्या भाच्यासाठी पिझ्झा आहे. माझी एकच तक्रार आहे ती सजून जायच्या रात्रीची : सव्वासहाला कोट-साडीत हजर व्हायचं तर पाचपासून केबिनमधल्या त्या एवढ्याशा न्हाणीघरासाठी नंबर लावावे लागतात. ती रात्र बहुधा तुमच्या समुद्रातल्या दिवशी येईल, तेव्हा वेळ असेल.

आता नणंद. दोन बुकिंगं वेगळी असली तर कंपनीला तुम्ही एक कुटुंब आहात हे कळायला मार्गच नाही. एजंटला सांगा की दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडा आणि सात जणांचं एक टेबल मागा. हे निघण्याआधी व्हायला हवं. वेळा वेगळ्या राहिल्या तर टेबल एक होणारच नाही, ही साधी गोष्ट एजंट विसरतात. नणंद साडेआठलाच अडून बसली तर? मग दोन टेबलं होऊ द्या, पण सासूबाईंना रोज फक्त मुलगा, सून आणि नातीबरोबर जेवायला बसवून लेक-जावई साडेआठला मजेत, हे चित्र नणंदेला एकदा शब्दांत रंगवून सांगा. बहुधा काम होईल.

‘एकदा ठरवलं की बदलत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. जहाजावर चढल्या दिवशी दुपारी भोजनगृहाचे मुख्य व्यवस्थापक एका ठरलेल्या जागी बसतात, वेळ आणि जागा त्या दिवसाच्या पत्रकात किंवा ॲपमध्ये असते. टेबल बदलणं, पंगत बदलणं, पथ्याचं सांगणं, सगळं तिथे. पोहण्याच्या तलावाकडे धावू नका, आधी तिथे जा. संध्याकाळपर्यंत चांगली टेबलं संपलेली असतात.

प्रश्न : आम्ही दोघंच, पन्नाशीतले. ठरलेल्या वेळेऐवजी ‘हवं तेव्हा जेवा’ असा पर्याय आहे. तोच घ्यावा ना?

उत्तर : दोघांसाठी उत्तम. ठरलेल्या पंगती ही अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांपासून चालत आलेली रीत. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० साली ती मोडून वाटेल तेव्हा जेवायची पद्धत सुरू केली आणि मग बहुतेकांनी काही ना काही तसं ठेवलं. क्यूनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या ‘क्वीन मेरी २’ जहाजावर मात्र मोठ्या भोजनगृहात अजून दोन पंगती बसतात.

पण ‘हवं तेव्हा’ याचा अर्थ सगळ्यांना साडेसातलाच हवं असतं. त्या वेळी दाराशी रांग लागते. सहाला किंवा आठनंतर जा, किंवा ॲपवर वेळ राखून ठेवा. आणि एक गोष्ट गमवाल : रोजचा तोच वेटर. दुसऱ्या संध्याकाळी न मागता बर्फ नसलेलं पाणी समोर ठेवणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो. तसं हवं असेल तर पहिल्या रात्री आवडलेल्या वेटरच्या टेबलांचे क्रमांक टिपून घ्या आणि दाराशी तेच मागा. थोडं थांबावं लागेल, पण देतात.

प्रश्न : उशिराची वेळ घेतली आणि अनोळखी माणसांबरोबर टेबल मिळालं. ती माणसं नाही आवडली तर?

उत्तर : दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाला गाठा आणि टेबल बदलून मागा. कारण सांगू नका, ते विचारतही नाहीत. तिसऱ्या रात्रीपर्यंत थांबलात तर अवघडल्यासारखं होतं. आमच्या आठ जणांच्या टेबलावरून एक जोडपं तिसऱ्या रात्रीनंतर गायब झालं, आणि पुढचे चार दिवस लिफ्टमध्ये ती दोघं आमच्याकडे न बघता मजल्यांचे आकडे वाचत उभी असायची. आम्ही नक्की काय बोललो होतो, याची चर्चा आमच्या टेबलावर शेवटच्या रात्रीपर्यंत चालू होती.

आणि घड्याळ जहाजाचं पाळा. इटलीहून ग्रीसला जाताना वेळ एक तास पुढे सरकते. माझा फोन विमान मोडवर इटलीतच राहिला होता. मी त्याच्या साडेआठला नटूनथटून दारात पोचले तेव्हा आत सगळे आईस्क्रीम खात होते.