एम्फिसेमावरील व्हॉल्व्ह: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: वडिलांना तीव्र एम्फिसेमा आहे. पंप नियमित घेऊनही चार पावलांत दम लागतो. व्हॉल्व्हने काय होईल?

एम्फिसेमात फुफ्फुसाचा खराब झालेला भाग फुगतो आणि त्यात हवा अडकून राहते. त्यामुळे चांगल्या भागाला फुलायला जागा उरत नाही आणि श्वासपटल खाली दाबले जाते. ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुफ्फुसाच्या त्या भागाकडे (खंडाकडे) जाणाऱ्या श्वासनलिकेच्या प्रत्येक फाट्यात एकेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप, बसवतात. बहुधा तीन ते पाच लागतात. हवा बाहेर पडते, पण आत शिरत नाही. खंड आक्रसतो आणि दम कमी होतो. आजार मात्र बरा होत नाही. धूम्रपान आधी सुटलेले हवे.

प्रश्न: माझे फिशर अपूर्ण आहे म्हणून नकार मिळाला. दुसरीकडे विचारू का?

नकाराचे कारण खरे आहे. फिशर म्हणजे दोन खंडांमधली भिंत. तिला खिंडार असेल तर शेजारच्या खंडातून हवा येत राहते आणि व्हॉल्व्ह निरुपयोगी ठरतात. तरीही सीटीतला टक्का विचाराच. फिशर साधारण ९५ टक्क्यांहून अधिक पूर्ण असेल तर पुढे जातात, ८० च्या खाली असेल तर सहसा नाही. मधल्या आकड्यांत चार्टिस चाचणी करतात: खंडाचे तोंड फुग्याने बंद करून हवेचा प्रवाह थांबतो का ते पाहतात. उजव्या बाजूला फक्त आडवे फिशर अपूर्ण असेल, तर वरचा आणि मधला असे दोन्ही खंड एकत्र बंद करण्याचा पर्याय असतो. हे जरूर विचारा.

प्रश्न: दुसऱ्याच दिवशी घरी जाता येईल का?

नाही, आणि तसा आग्रहही धरू नका. खंड झपाट्याने आक्रसला की शेजारचा ताणून फुलतो, कधी फाटतो आणि छातीच्या पोकळीत हवा शिरते. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. या व्हॉल्व्हवरच्या ‘लिबरेट’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात व्हॉल्व्ह बसवलेल्या १२८ पैकी ३४ जणांना तो झाला, बहुतेकांना पहिल्या तीन दिवसांत. म्हणून किमान तीन रात्री रुग्णालयात ठेवतात आणि एक्स-रे काढत राहतात. बऱ्याचदा छातीत नळी घालावी लागते; हवेची गळती थांबत नसेल तर एखादा व्हॉल्व्ह काढतात. घरी गेल्यावर अचानक छातीत कळ आली किंवा दम वाढला, तर त्याच क्षणी निघा. व्हॉल्व्ह बसवल्याची नोंद असलेले कार्ड सोबत असू द्या.

प्रश्न: सहा महिने बरे गेले, आता पुन्हा दम लागतो. व्हॉल्व्ह बिघडला असेल का?

शक्य आहे. व्हॉल्व्ह सरकतो, खोकल्यातून बाहेर पडतो किंवा भोवती मांस वाढून कडेने हवा गळते. आधी सीटी, मग ब्रॉन्कोस्कोपी करून घ्या. व्हॉल्व्ह बदलता किंवा काढता येतो.