मोठा ॲम्प घेऊ नका, आधी आहे त्याचा गेन खाली आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅचबॅक गाडी, पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, डिकीत १२ इंची सबवूफर आणि या सगळ्याला मिळून चार चॅनलचा एक ॲम्प. स्टिरिओचा आवाज ४० पैकी २० च्या पुढे नेला की फाटतो, बेस नुसता घुमत राहतो आणि गाणाऱ्याचे शब्द त्याखाली गाडले जातात. फिटिंग करणारे म्हणतात की ॲम्प कमी पडतोय, मोठा घ्या. घ्यावा का?

घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. निम्म्या आवाजालाच स्पीकर फाटत असेल तर बहुतेक वेळा ॲम्पची ताकद कमी नसते, त्याचा गेन नको इतका चढवलेला असतो. तसाच चढवलेला मोठा ॲम्प आणलात तर तोही फाटेल, आणि या खेपेला स्पीकरही सोबत घेऊन जाईल.

हे मी स्वतःच्या गाडीत भोगलंय. वडिलांना तपासणीसाठी दर महिन्याला साताऱ्याहून पुण्याला न्यायचो. ते अभंग ऐकणारे, म्हणून मुद्दाम चांगली सिस्टिम बसवून घेतली होती. पहिल्याच फेरीत, खंबाटकीच्या अलीकडे ते म्हणाले, "पखवाज ऐकू येतोय रे, पण बुवा काय म्हणतायत ते कळत नाही. बंद कर." घरी येऊन सीटखालचा ॲम्प पाहिला तर गेन शेवटपर्यंत उजवीकडे, बेस बूस्टही शेवटपर्यंत उजवीकडे आणि सबचा लो-पास (ठरावीक आकड्याखालचेच सूर पुढे सोडणारा फिल्टर) १५० हर्ट्झवर. फिटरनं मनापासून सगळं 'फुल' करून दिलं होतं. पुढे दोन महिन्यांत डावा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जळाला. तेव्हापासून आमच्या घरच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांचे ॲम्प मीच लावून देतो.

गेनचा नॉब आवाज वाढवण्यासाठी नसतो, ही गोष्ट सगळ्यांत आधी समजून घ्या. तंबोरा जसा गाणाऱ्याच्या सुराला लावतात, तसा ॲम्प स्टिरिओला लावावा लागतो. स्टिरिओच्या मागच्या आरसीए पिनांतून येणारा सिग्नल एखाद्या मॉडेलमध्ये जास्तीत जास्त २ व्होल्टचा असतो, एखाद्यात ४ व्होल्टचा. "एवढे व्होल्ट आले की तू तुझी पूर्ण ताकद लाव" असं ॲम्पला सांगणारा तो नॉब. म्हणूनच त्याच्याभोवती वॅट लिहिलेले नसतात, ६ व्होल्टपासून ०.२ व्होल्टपर्यंतचे आकडे असतात. इथे पुष्कळांची गल्लत होते: ०.२ कडे फिरवलं की गेन वाढतो आणि ६ कडे नेलं की कमी होतो. तुमच्या स्टिरिओतून ४ व्होल्ट येत असताना नॉब ०.२ वर असेल, तर ॲम्पची सगळी ताकद आवाजाच्या पहिल्या काही अंकांतच संपते आणि त्यापुढे नुसती फाटाफाट होते.

फाटतं म्हणजे नेमकं काय होतं? कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर पाहिलेलं ते चित्र मी विसरलेलो नाही. ॲम्पला आतून जेवढा व्होल्टेजचा पुरवठा आहे त्याच्यावर लाट जाऊ शकत नाही. तुम्ही आणखी ढकललं की तिचा गोल माथा कापला जातो आणि पाचगणीच्या टेबललँडसारखं सपाट पठार तयार होतं. माथा पूर्ण चौकोनी झाला तर त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती स्पीकरच्या कॉइलमध्ये जाते. शिवाय त्या कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर जन्माला येतात आणि थेट ट्वीटरकडे जातात. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते, तिला ही उष्णता झेपत नाही. माझा ट्वीटर जळाला तो यानंच.

आता प्रत्यक्ष काम. लागतं काय? साधा मल्टीमीटर, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि पेन ड्राइव्हवर ० डेसिबल पातळीचे (म्हणजे फाइलमधल्या कमाल पातळीचे) दोन टोन: एक ५० हर्ट्झचा, एक ४०० हर्ट्झचा. बरेच जण पुढच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झचा टोन घ्यायला सांगतात, मी घेत नाही. स्वस्त मल्टीमीटरचं एसी मोजमाप घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी केलेलं असतं. ४०० हर्ट्झपर्यंत ते बहुधा साथ देतं, त्यापुढे आकडा चुकायला लागतो. टोन फोनवरून ब्लूटूथनं वाजवू नका. फोनच्या आवाजाची पातळी आणि फोनमधला इक्वलायझर मध्ये आले की सगळं गणित बिघडतं.

आधी स्टिरिओ साफ करा. इक्वलायझर फ्लॅट, 'लाउडनेस' बंद, बेस आणि ट्रेबल शून्यावर, सबवूफर लेव्हल शून्यावर, बॅलन्स मध्यावर. ॲम्पवरचा बेस बूस्ट शून्यावर. फिल्टरचे स्विच बंद करता येत असतील तर बंद करा. येत नसतील तर हाय-पास (लो-पासच्या उलटा, वरचेच सूर सोडणारा फिल्टर) अगदी खाली आणि लो-पास अगदी वर न्या. सगळे गेन तळाला. मग स्पीकरच्या तारा ॲम्पमधून काढा. सगळ्या काढा, एकही विसरू नका. ० डेसिबलचा टोन स्पीकरवर वाजला तर त्याचं काही खरं नाही. तारा काढताना गाडी बंद ठेवा आणि त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. नंतर गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन चालू करा, म्हणजे बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट राहतील.

किती व्होल्ट हवेत ते काढायला शाळेतलं गणित पुरतं: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. वॅट मात्र आरएमएस, म्हणजे सलग झेपणारे, धरायचे, डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले 'मॅक्स' नाहीत. ॲम्प आणि स्पीकर यांत ज्याचा आकडा लहान तो घ्यायचा. समजा तुमचा ॲम्प चॅनलमागे ७५ वॅट देतो आणि दारातले स्पीकर ६० वॅटचे, ४ ओहमचे आहेत. ६० गुणिले ४ म्हणजे २४०, वर्गमूळ साधारण १५.५. मागचे दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे दोघांची ताकद एकत्र जोडून, सबला २०० वॅट मिळत असतील आणि सब ४ ओहमचा असेल, तर ८०० चं वर्गमूळ २८.३.

स्टिरिओचा आवाज ४० पैकी ३० वर ठेवा. काही स्टिरिओ शेवटच्या काही अंकांत स्वतःच फाटतात, म्हणून तीन चतुर्थांशावर थांबायचं. ४०० चा टोन लावा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर, त्याच्या सुया पुढच्या एका चॅनलच्या दोन टर्मिनलांना. गेन सावकाश वर आणा आणि १५.५ दिसले की हात काढा. मग ५० चा टोन लावा, सुया ब्रिजच्या टर्मिनलांना, आणि २८.३ ला थांबा. हे झाले तुमचे कमाल आकडे. इथून खाली यायला मोकळीक आहे, वर जायला नाही, आणि स्टिरिओही ३० च्या पुढे न्यायचा नाही.

एवढं होऊन गाडी बंद करून तारा परत जोडल्यावर बऱ्याच जणांना वाटतं की आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला. २० ला पूर्वी जेवढा होता तेवढा आता कदाचित २८ ला मिळेल. फरक इतकाच की २८ लाही तो स्वच्छ असेल.

शब्द गाडले जातात त्याचं कारण मात्र वेगळं, ते फिल्टरमध्ये आहे. माझा सगळ्यांत आवडता भाग हाच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ आणि मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झ. सबचा लो-पास १५० वर असेल, तर बुवा मंद्रात उतरले की त्यांचा आवाज चक्क डिकीतून यायला लागतो, आणि तोही १२ इंची जाड कागदातून घोगरा होऊन. शब्द कळणार कसे? लो-पास ८० वर आणा. त्याखालचे सूर नेमके कुठून येतात हे कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे सब मागे असूनही बेस पुढून आल्यासारखा वाटतो. पुढच्या स्पीकरचा हाय-पासही ८० च्या आसपास ठेवा. एक सप्तक खाली गेलं की तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या कागदाला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. दारातल्या छोट्या स्पीकरकडून ४० हर्ट्झची अपेक्षा केली की तो त्या कसरतीतच दमतो आणि गाण्याचा मधला भाग गढूळ होतो. खालचं ओझं काढून घ्या, तोच स्पीकर मोकळा गायला लागेल.

बेस बूस्ट शून्यावरच राहू द्या. बहुतेक ॲम्पांत तो ४५ हर्ट्झच्या आसपास १२ डेसिबलपर्यंत चढतो, आणि १२ डेसिबल म्हणजे १६ पट शक्ती. जिथे १० वॅट लागत होते तिथे १६० लागतील. मल्टीमीटरनं केलेली सगळी मेहनत त्या एका नॉबनं वाया जाते. सबची पेटी पोर्टवाली, म्हणजे भोक असलेली असेल आणि ॲम्पवर सबसॉनिक (अगदी तळाचे सूर अडवणारा) फिल्टर असेल, तर तो २५ ते ३० हर्ट्झवर लावा. त्याखाली पोर्टच्या पेटीत कागदाला हवेचा आधार उरत नाही.

आता कान. तुमच्या ड्रायव्हर सीटवर, नेहमी बसता तसे बसा, काचा बंद. चाचणीसाठी धडाकेबाज गाणं नको, पखवाज आणि टाळ असलेला एखादा साधा अभंग लावा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापलेली असते, त्याचा खोल नाद सबमध्ये येतो, उजव्या तोंडाची थाप दारातल्या स्पीकरमध्ये आणि टाळ ट्वीटरमध्ये. एकाच वाद्याची दोन तोंडं गाडीच्या दोन टोकांना वाजतायत असं वाटलं तर सबचा गेन थोडा थोडा उतरवा, पखवाज एक होईपर्यंत. मी दरवेळी मापापेक्षा बराच खाली येऊन थांबतो. फेजचा (सबच्या कागदाची पुढे-मागे चाल उलटवणारा) ०-१८० स्विच असेल तर मागे कुणाला तरी बसवून तो बदलायला सांगा. ज्या बाजूला तुमच्या सीटवर बेस भरीव वाटेल ती बाजू ठेवा. दोन्हीकडे पोकळच वाटला तर एखाद्या स्पीकरची अधिक-उणे तार उलटी लागलेली असू शकते. ॲम्पकडून सुट्या केलेल्या वूफरच्या तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा: अधिकला अधिक असेल तर कागद बाहेर येतो. ही चाचणी ट्वीटरवर करू नका.

तारांकडे एक नजर हवीच. ॲम्पची अर्थची तार अर्धा मीटरपेक्षा लांब नको आणि ती रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसलेली हवी. रेस दिल्यावर 'घुईं' असा चढता आवाज येत असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो आवाजासाठी नाही, तार कुठे घासली तर गाडी पेटू नये म्हणून आहे. तो नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आजच बसवा.

तरीही मोठा ॲम्प घ्यावासा वाटलाच, तर दुकानात त्याच्या मागचा फ्यूज पाहा. डब्यावर २००० वॅट आणि मागे ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल, तर १४.४ व्होल्टला तो बॅटरीकडून सलग जेमतेम ४३० वॅट ओढू शकतो, आणि त्यातलेही काही उष्णतेत जातात. मी तुमच्या जागी असतो तर ते पैसे दारांवर घातले असते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात; स्पीकरच्या मागचा आवाज त्यांतून पुढे येतो आणि पुढचा बेस खाऊन टाकतो. ती भोकं बंद करून पत्र्याला डॅम्पिंग शीट लावली की त्याच स्पीकरला भरीव बेस येतो आणि सबवरचा भार हलका होतो. पाणी निथळायची दाराच्या तळाची छिद्रं मात्र उघडी ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजेल.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही: सब एका कॉइलचा आहे की दोन कॉइलचा? ४ अधिक ४ ओहमचा असून दोन्ही कॉइल समांतर जोडलेल्या असतील तर ब्रिज केलेल्या चॅनलवर २ ओहमचा भार पडतो, आणि बहुतेक चार चॅनलचे ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली जात नाहीत. तसं असेल तर गेन लावायच्या आधी ती जोडणी बदलावी लागेल. ॲम्प थोड्या वेळानं गरम होऊन बंद पडतो का, तेही लिहा.