तीन दिवस भट्टी, चार दिवस मोकळे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात मी लिहिले होते की, वयाच्या ६७ व्या वर्षी कोल्हापुरातील आमच्या लहानशा फाउंड्रीचा, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा, कारभार मी मुलीकडे सोपवला आणि आता मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीनच दिवस कारखान्यात जातो. उरलेल्या वेळात फुटबॉल, वर्तमानपत्रे आणि घर. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपण स्वतःला ‘अर्धनिवृत्त’ म्हणवता. निवृत्त व्हायचे तर पुरते व्हावे. अर्धवट राहिल्याने पुढच्या पिढीच्या पायांत आपण घोटाळत नाही का? (एक वाचक, नाशिक)

घोटाळण्याचा धोका खरोखरच आहे, म्हणून आम्ही घरी बसून आधीच काही गोष्टी ठरवून घेतल्या. धनादेशावर आता माझी सही चालत नाही. गिऱ्हाइकाचा फोन आला तर दर मी सांगत नाही. मुलगी मेटलर्जी शिकलेली आहे. कोणता माल घ्यायचा आणि कोणती ऑर्डर नाकारायची, हे तीच ठरवते. माझ्याकडे राहिले आहे ते नव्या मोल्डरांना, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या कामगारांना, शिकवण्याचे काम.

साच्याची वाळू तयार झाली की आम्ही ती मुठीत घट्ट दाबून पाहतो. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे वाळूवर स्वच्छ उठले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला तर कडा धारदार राहिल्या पाहिजेत. पाणी जास्त झाले असेल तर ओतकामाच्या वेळी वाफ होऊन कास्टिंगला भोके पडतात. कमी झाले असेल तर साचा ढासळतो. ओलावा मोजायचे यंत्र आमच्याकडे आहे आणि मुलगी त्याच्यावरच विसंबते, ते योग्यही आहे. पण पहाटेच्या दमट हवेत यंत्राचा आकडा पाहण्याआधीच ज्याच्या हाताला फरक कळतो, असा एक तरी माणूस कारखान्यात असावा लागतो. हे ज्ञान हातातून हातात जाते आणि त्याला दोन-तीन वर्षे लागतात. मी एकदम घरी बसलो असतो तर ते माझ्याबरोबरच घरी आले असते. तीन मुले तयार झाली की मी दोन दिवस जाईन, पुढे एक दिवस, आणि मग थांबेन.

प्रश्न : फुटबॉलपटू सुनील छेत्री निवृत्त होऊन पुन्हा भारतीय संघात आला, हे आपल्याला पटले का? तरुणांची जागा अडवणे हा आपल्या देशाचा जुनाच रोग आहे, असे मला वाटते. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

तुझी चीड मला समजते, पण या प्रकरणात ती चुकीच्या माणसावर निघते आहे. छेत्री ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना खेळून थांबला. तोवर त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते आणि २००५ पासून जवळजवळ १९ वर्षे त्याने भारताची आघाडी सांभाळली होती. तो गेल्यावर संघाला विजयच मिळेना. मार्च २०२५ मध्ये प्रशिक्षक मनोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावले, तेव्हा तो चाळिशीत होता आणि तरीही त्या हंगामात इंडियन सुपर लीग या क्लबांच्या स्पर्धेत भारतीय खेळाडूंपैकी सर्वाधिक गोल त्याचेच होते. शिलाँगला मालदीवविरुद्ध भारत ३-० ने जिंकला, तो नोव्हेंबर २०२३ नंतरचा आपला पहिला विजय. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा होता आणि तिसरा छेत्रीने डोक्याने मारला.

तो गोल पाहताना मला आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडला. कारण त्याची जागा अडलेली नव्हती. मधले नऊ महिने ती रिकामीच पडून होती आणि ती भरणारा कोणी तयार नव्हता. आपले बहुतेक मोठे क्लब मुख्य आघाडीवीर म्हणून परदेशी खेळाडू घेतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण गोल त्यांना आज हवा असतो. पण त्यामुळे भारतीय मुलगा बाजूने खेळायला शिकतो, मागे खेळायला शिकतो आणि गोलपोस्टसमोर दोन बचावपटू अंगावर घेऊन चेंडू मारण्याची वेळ त्याच्यावर हंगामात फार थोड्या वेळा येते. छेत्रीच्या परतण्याने मूळ दुखणे बरे होणार नव्हतेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. तेव्हा चाळिशीतला माणूस का आला, या प्रश्नाऐवजी, त्याची तिशी उलटली तेव्हापासून त्याच्या मागे कोणाला उभे करत होतो, हा प्रश्न तू फुटबॉल महासंघाला आणि क्लबांना विचार. तो विचारायचा तुझ्या वयाच्या मुलांना पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त पुण्यात असतो. सुट्टीत आलो की मुलाला सामना दाखवावा असे वाटते, पण समर्थकांच्या हाणामाऱ्यांच्या बातम्या वाचून धीर होत नाही. आपले फुटबॉल असेच पेठेत अडकून राहणार का? (एक वाचक, पुणे)

आधी मुलाला घेऊन या. दुपारी चारचा सामना निवडा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जरा वरच्या बाजूला बसा, भडंगाची पुडी घ्या आणि संघ मैदानात उतरताना हलगी कशी कडाडते, ते त्याला ऐकू द्या. तुम्ही ज्या पायऱ्यांवर मोठे झालात, त्या त्याने दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर पाहून भागणार नाही.

पेठेत अडकण्याबद्दल मात्र माझे मत तुमच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमी होत्या, त्या तालमींच्या मंडळांनी फुटबॉल उचलला आणि म्हणून पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे आज गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. या संघांना मालक नाही. वर्गणी, देणग्या, गल्लीतल्या माणसांचे कष्ट आणि जुन्या खेळाडूंचा जीव यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. तुमच्या पुण्याचे उदाहरण घ्या. एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाला, बालेवाडीच्या उत्तम स्टेडियमवर खेळला आणि २०१९ मध्ये बंद झाला. त्याचे समर्थक निष्ठावान होते, पण मालकांनी हात काढून घेतल्यावर तो धरून ठेवणारी पेठ त्याच्या पाठीशी नव्हती. म्हणून पेठ ही आपली अडचण आहे, असे मी कधीही म्हणणार नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही आपल्याच हातातल्या आहेत. पहिली हाणामारीची. दगड भिरकावणारा मुलगा कोणाचा, हे गॅलरीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक असते. पोलीस येईपर्यंत थांबायचे आणि मग ‘आमच्यातला नव्हताच’ म्हणून हात वर करायचे, ही सवय आपण मोठ्या माणसांनी सोडली पाहिजे. मी माझ्या पेठेच्या बैठकीत हे उभे राहून बोललो आहे आणि त्यावरून दोन जुन्या मित्रांशी अबोलाही झाला आहे. तरी माझे म्हणणे तेच आहे : आपल्या बाजूच्या पोराला आपणच पायऱ्यांवरून खाली उतरवायचे आणि त्या हंगामात पुन्हा वर चढू द्यायचे नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ईर्ष्येपायी आपले संघही बाहेरचे, अगदी परदेशातले खेळाडू आणतात. नायजेरियाच्या खेळाडूंनी आपल्या मैदानावर सुंदर खेळ केला आहे आणि त्यांना गावाने प्रेमही दिले. पण देणगीचा मोठा वाटा एका हंगामाच्या आघाडीवीरावर खर्च झाला की तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या बुटांना आणि दुधाला पैसे उरत नाहीत. अनिकेत जाधव हा आपल्या कोल्हापूरचा मुलगा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा गावाची छाती फुगली. मात्र तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, लहान वयात घर सोडून. प्रत्येक मुलाला घर सोडता येत नाही. ज्या तालमीकडे चाळीस-पन्नास जुने खेळाडू आहेत, तिने त्यांतल्या दोघांना रोज संध्याकाळी १३ वर्षांखालील मुलांसाठी मैदानावर उभे केले, तर त्याला कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागणार नाही. आमच्या पेठेत गेल्या वर्षी असे दोघे उभे राहिले. एकाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे. तो खुर्चीवर बसून शिट्टी वाजवतो आणि पोरे त्याच्या शिट्टीला सामन्यातल्या पंचापेक्षा जास्त भितात. पुढच्या सुट्टीत तुमच्या मुलाला तिकडेही घेऊन या.

प्रश्न : राजकारणाचा वीट आला आहे. पाच-पाच वर्षे महापालिकेत निवडणुकाच झाल्या नाहीत तरी कोणाचे काही अडले नाही. मग आपण मत देऊन काय साधतो? (एक वाचक, सांगली)

अडले, आणि बरेच अडले. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रेंगाळत राहिला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होते. मुंबई आणि पुण्यातही मार्च २०२२ पासून तेच झाले. राज्यघटनेचे २४३-यू हे कलम स्पष्ट सांगते की पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अधिकारी कितीही चांगला असला तरी त्याची बदली होते. नळाला पाणी आले नाही म्हणून सकाळी सात वाजता ज्याच्या दारात घागर घेऊन उभे राहता येते, तो नगरसेवक. आणि त्याला पुन्हा आपल्याच दारात मत मागायला यावे लागते.

याहून मोठे नुकसान मला दुसरेच वाटते. नगरसेवकपद ही राजकारणाची पहिली तालीम आहे. २१ वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला तिथे उभे राहता येते, अंदाजपत्रक वाचता येते, आयुक्तांना प्रश्न विचारता येतो, पराभव पचवता येतो. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि त्यामुळे ज्या बायका प्रथमच सभागृहात बोलू लागल्या होत्या, त्यांच्या हातून हीच वर्षे गेली. उद्या आमदारकीला ‘घराण्यातलेच लोक कसे येतात’ असे आपण विचारू, तेव्हा हा बंद पडलेला आखाडा आठवावा.

मतभेदांचे विचाराल तर आमच्या कारखान्यात चहाच्या वेळी चार पक्षांची माणसे एका बाकावर असतात. नेत्यांच्या नावाने सुरू झालेली चर्चा पाच मिनिटांत भांडणावर येते, म्हणून मी प्रभागातल्या एखाद्या कामाचे नाव काढतो : अमुक रस्ता, अमुक शाळा. मग प्रत्येकाला काहीतरी माहीत असते आणि चहा संपेपर्यंत बोलणे चांगले चालते.

प्रश्न : माझे पती बँकेतून निवृत्त झाले आणि आता दिवसभर स्वयंपाकघरात लक्ष घालतात. डबे कसे लावायचे, गॅस किती मोठा ठेवायचा, सगळ्यावर सूचना. वाद नको म्हणून मी गप्प बसते. काय करावे? (एक वाचिका, डोंबिवली)

गप्प बसू नका. आपल्या मौनाला ते संमती समजत असतील. माझ्या पत्नीने मला पहिल्याच महिन्यात सांगितले, “हा माझा कारखाना आहे. कामाला येणार असाल तर या, तपासणीला नको.” त्या एका वाक्याने मला जे कळले, ते कोणाच्या उपदेशाने कळले नसते. तेव्हापासून मंडईतून भाजी आणणे, ती निवडणे आणि रात्रीचे ताक घुसळणे ही कामे माझी आहेत, आणि त्यांत ती सूचना देत नाही. आपल्या यजमानांनी तीस-पस्तीस वर्षे जबाबदारीचे काम केले आहे. त्यांना मदतनीस म्हणून वागवू नका, एखादे अख्खे काम त्यांच्या नावावर करून टाका. पालेभाजी जून निघाली तरी पहिला महिनाभर काही बोलू नका.

प्रश्न : माझी बारा वर्षांची नात फुटबॉल खेळायचे म्हणते. घरातले सगळे नको म्हणतात. मी तिच्या बाजूने आहे, पण बोलायचे कशाच्या आधारावर? (एक आजी, सातारा)

आजी, आपले पत्र मी दोनदा वाचले. आधार हवा असेल तर हा घ्या : ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये, यजमान संघालाच २-१ असे हरवून, आपल्या मुलींनी महिलांच्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला. पात्रता फेरी जिंकून तिथे जाण्याची ही पहिलीच वेळ होती आणि दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरने केले. पुरुषांच्या संघाला त्याच वर्षी जे जमले नाही, ते या मुलींनी कमी पैशांत आणि कमी प्रेक्षकांसमोर केले.

घरच्यांशी बोलताना मात्र विश्वचषकाच्या गोष्टी सांगू नका. भीती कशाची आहे, ते आधी विचारा. बहुधा ती मैदानावर जाण्या-येण्याची, उन्हाची आणि अभ्यासाची असेल. जवळच्या मैदानावर मुलींची तुकडी आहे का, तिथे स्त्री प्रशिक्षक आहे का आणि कपडे बदलायला बंद खोली आहे का, या तीन गोष्टी आपण स्वतः जाऊन पाहून या. बूट पायाच्या मापाचे घ्या. वाढत्या वयाचे म्हणून एक माप मोठे घेतले तर घोटा मुरगळतो. आणि पहिल्या दिवशी तिला सोडायला आपणच जा.